वय न दिसणारा पक्षी

एकाच माणसाचे दोन फोटो आहेत. पहिला १९५१ सालचा, स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडच्या ऑर्कनी बेटांवरचा, विशीतला एक संशोधक आणि त्याच्या हातात राखाडी-पांढरा पक्षी. दुसरा १९८६ चा. तोच माणूस, पस्तीस वर्षांनी, साठीकडे झुकलेला, आणि हातात तोच पक्षी. तोच म्हणजे त्या जातीचा दुसरा कुठला नाही, अक्षरशः तोच. माणसाकडे बघितलं की मधली सगळी वर्षं एका झटक्यात दिसतात. पक्ष्याकडे बघितलं तर काहीच नाही. कुठे काही उतरलेलं नाही, पिकलेलं नाही, नजर तीच, पिसं तशीच चकचकीत.

माणूस म्हणजे जॉर्ज डनेट, स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन युनिव्हर्सिटीतले प्राणिशास्त्रज्ञ. पक्षी म्हणजे नॉर्दर्न फुल्मर. लेकीने हे फोटो फॅमिली ग्रुपवर टाकले तेव्हा आमच्या ह्यांनी लगेच खाली लिहिलं, "कुठलं क्रीम लावतो विचार त्याला, तुझ्या आईला हवंय." असो.

फुल्मर हा उत्तर अटलांटिकचा आणि उत्तर पॅसिफिकचा पक्षी. आकाराने आपल्या घारीपेक्षा थोडा लहान, पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत मीटरभर किंवा थोडं जास्तच, वजन पाऊण-एक किलो. भारतात तो येत नाही, आणि पुण्याचं तर समुद्राशी नातं म्हणजे हिवाळ्यात भिगवणला कुरव, म्हणजे सीगल, येतात ते बघायला जायचं आणि वर्षातून एकदा मांडव्याच्या बोटीत बसून त्यांना बिस्किटं टाकायची, एवढंच. मग तळजईच्या पायथ्याशी राहणाऱ्या बाईने ह्या पक्ष्यावर एवढं लांबलचक लिहायचं कारण काय, तर काही नाही, डोक्यातून जात नाहीये म्हणून.

लेक-जावई अ‍ॅबर्डीनला असतात. तिकडे समुद्रात तेलाच्या विहिरी, त्यामुळे आपले इंजिनियर बरेच. उन्हाळ्यात आम्ही गेलो होतो तेव्हा एका रविवारी तिने आम्हाला डनॉटर किल्ल्यावर नेलं. ट्रेनने वीसेक मिनिटांवर स्टोनहेवन नावाचं गाव आहे, तिथून कड्याच्या कडेकडेने चालत जायचं. किल्ला म्हटल्यावर पुणेकराचे पाय आपोआप चालतात. समुद्रात घुसलेल्या एका प्रचंड खडकावर पडके बुरूज, तिन्ही बाजूंनी पाणी, आणि ह्यांचं चालू, "तटबंदी बरी आहे, पण वर पिठलं-भाकरी मिळत नाही म्हणजे काय उपयोग." तिथला खडक मात्र बघण्यासारखा आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ नाही तो, पूर्वीच्या नद्यांनी आणलेले गोल गोटे एकमेकांत रुतून झालेला खडक, कुठे मुठीएवढे गोटे, कुठे कलिंगडाएवढे. आणि एखादा गोटा निखळून पडला की तिथे जी खोबण तयार होते त्यातल्या एकीत, वाटेपासून चार-पाच हातांवर, गुलाबी रानफुलांच्या शेजारी तो बसला होता.

ह्यांनी फोन काढला आणि "अरे सीगल" म्हणत पुढे गेले. लेक ओरडली, "बाबा सीगल नाहीये तो, फुल्मर आहे, लांबूनच, थुंकतो तो!" थुंकतो म्हटल्यावर मात्र ते जागच्या जागी थांबले.

मग आम्ही तिघं लांबूनच बघत बसलो. लांबून तो कुरवासारखाच वाटतो हे खरंय, पण जरा निरखलं की अजिबात नाही. मान आखूड आणि जाड, डोळा काळाभोर आणि त्याच्या पुढे काळसर छटा, त्यामुळे चेहरा कायम थोडा चिंतेत असल्यासारखा. आणि चोच! पक्ष्याची चोच म्हणजे एक अखंड वस्तू असते असं माझ्या डोक्यात होतं, याची चोच चक्क तुकड्या-तुकड्यांची, जोडकाम केलेली, टोकाला पिवळट आकडा, आणि वर पाठीवर एक नळी. ती नळी म्हणजे नाक. अल्बट्रॉस नावाच्या मोठ्या समुद्रपक्ष्याच्या गणातल्या सगळ्यांना असं नळीचं नाक असतं, फुल्मर त्याच गणातला, कुरवाशी त्याचं नातं फक्त रंगापुरतं. आम्ही बघत असताना त्या नळीतून पाण्याचा एक थेंब आला, चोचीवरून घरंगळत टोकाच्या आकड्यावर येऊन लटकला, पक्ष्याने मान झटकली, थेंब उडाला, थोड्या वेळाने दुसरा.

सर्दी नव्हती त्याला. ते मीठ होतं. हे पक्षी महिनोन्महिने समुद्रावर असतात, गोडं पाणी कुठून मिळणार, खारंच पितात आणि खातात तेही खारंच. त्यांच्या डोळ्यांच्या वर एक ग्रंथी असते, ती रक्तातलं जास्तीचं मीठ गाळून काढते आणि समुद्रापेक्षाही खारट पाणी नाकावाटे बाहेर टाकते. लेकीने हे सांगितल्यावर आमच्या ह्यांनी, ज्यांचं लोणचं-पापड बीपीमुळे बंद झालंय, त्या पक्ष्याकडे इतक्या हेव्याने बघितलं की काय सांगू.

आता थुंकण्याचं. ही नुसती लाळ वगैरे नसते. फुल्मर जे खातो, म्हणजे मासे, माकुळ, कोळंबीसारखे बारीक जीव, जेलीफिश, मेलेल्या व्हेलची चरबी, काहीही, त्यातलं तेल तो पोटाच्या पहिल्या कप्प्यात साठवून ठेवतो. शिदोरी म्हणूया, कारण लांबच्या प्रवासात त्याच्यावर तो जगतो आणि परत आल्यावर पिल्लालाही तेच भरवतो. पण कोणी फार जवळ आलं की हीच शिदोरी शस्त्र होते. दीड-दोन मीटरपर्यंत नेम धरून पिचकारी, आणि वास असा की कपडे कितीही धुतले तरी जात नाही म्हणे. माणसाचं एक जॅकेट जातं. शिकारी पक्ष्याचं मात्र सगळंच जातं, कारण ते तेल पिसांना चिकटलं की पिसं एकमेकांना लगडतात, पाणी अडेनासं होतं, ऊब धरेनाशी होते, उडता येत नाही, आणि बहिरी ससाण्यासारखा पट्टीचा शिकारी त्यात मरू शकतो. १९६८ मध्ये फेअर आयल नावाच्या बेटावर नॉर्वेहून आणलेले चार पांढऱ्या शेपटीचे समुद्रगरुड सोडले होते, ब्रिटनमधून नामशेष झालेली ती जात परत आणायची म्हणून. तो प्रयत्न फसला, आणि त्यातला एक गरुड फुल्मरच्या तेलाने माखला होता. एवढा मोठा गरुड! आणि हे तंत्र पिल्लालाही येतं, कापसाच्या गोळ्याएवढं असताना. आईबाप दोघेही समुद्रावर गेलेले असताना ते कड्यावर एकटं बसून असतं, त्याला दुसरं कोण सांभाळणार.

कारण पळून जायचा पर्याय त्याला नाही, त्याच्या आईबापांनाही नाही. फुल्मरचे पाय शरीराच्या इतके मागे असतात की जमिनीवर धड उभंही राहता येत नाही, ढोपरं टेकत सरकतो कसाबसा. जमिनीवर बघाल तर कीव येईल. पण तोच कड्यावरून स्वतःला सोडून देतो तेव्हा मी तोंडात बोट घातलं. पंख ताठ, जवळजवळ हलतच नाहीत, कड्याला आपटून वर येणाऱ्या वाऱ्यावर तो नुसता आडवा सरकतो, आपल्या डोळ्यांच्या पातळीवर येतो, एक नजर टाकतो, थोडासा कलतो की गेला खाली लाटांपर्यंत. पुन्हा वर. आम्ही तिथे होतो तेवढ्या वेळात त्याने पंख किती वेळा फडफडवले असतील, अगदी मोजके.

ऑर्कनीमध्ये आयनहॅलो नावाचं एक छोटं बेट आहे, आता तिथे कोणी राहत नाही, दोन्ही बाजूंनी भरती-ओहोटीचे जबरदस्त प्रवाह, आणि तिकडच्या लोककथांमध्ये हे बेट मधूनच अदृश्य व्हायचं म्हणे. डनेट आणि त्यांच्या युनिव्हर्सिटीने १९५० मध्ये तिथे फुल्मरांचा अभ्यास सुरू केला. पक्षी धरायचा, पायात कडं घालायचं, सोडायचा, पुढच्या वर्षी परत जायचं आणि कोण आलंय बघायचं. बस्स. ऐकायला किती साधं वाटतं. पण वर्षामागून वर्षं तेच पक्षी त्याच कपारीत, बहुतेक वेळा त्याच जोडीदाराबरोबर येऊन बसायला लागले, आणि मग हळूहळू कळायला लागलं की ह्यांचं आयुष्य मोजायला आपली पट्टी पुरत नाही. चाळीस वर्षांच्या पुढे जगलेले फुल्मर नोंदवले गेलेत. म्हणजे नोकरीला लागल्या लागल्या ज्याच्या पायात कडं घातलं तो तुमच्या निवृत्तीच्या दिवशी तिथेच बसलेला असू शकतो. डनेट १९९५ मध्ये गेले. अभ्यास अजून चालूच आहे, दुसरी माणसं करतात.

मला ह्या पक्ष्याच्या संथपणाचं सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं. पिल्लू ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात कड्यावरून उडतं, तोपर्यंत ते आईबापापेक्षाही जाड झालेलं असतं, आणि एकदा गेलं की कित्येक वर्षं जमिनीकडे फिरकत नाही. मग कधीतरी कड्याच्या आसपास घिरट्या घालायला लागतं, जागा बघतं, बसून बघतं, कोणाशी जमतंय का बघतं, यातही काही वर्षं जातात. पहिलं अंडं घालेपर्यंत साधारण नऊ-दहा वर्षांचं झालेलं असतं, काहींना त्याहूनही उशीर. चिमणी तेवढ्या काळात पणजी-खापरपणजी होऊन जाते. आणि अंडं किती, तर वर्षाला एक. ते फुटलं, कोणी पळवलं, तर त्या वर्षी दुसरं नाही. काही वर्षी तर मुळीच नाही, विश्रांती.

पण त्या एका अंड्यासाठी काय काय करतात! मे महिन्यात अंडं घालायच्या आधी दोघंही कडा सोडून दोन-तीन आठवडे समुद्रावर निघून जातात, भरपूर खातात, मग परत येऊन अंडं. घरटं असं नाहीच, नुसत्या खळग्यात. मग पन्नासेक दिवस पाळीपाळीने उबवणं, आणि पाळी आपल्यासारखी तासांची नाही, दिवसांची. एक जण उपाशी बसून राहतो, दुसरा खायला जातो. किती लांब जातो? २०१२ मध्ये आयनहॅलोवरच्या एका नराच्या अंगावर छोटं जीपीएस लावलं होतं. तो निघाला तो थेट अटलांटिकच्या मधोमध, पाण्याखालच्या पर्वतरांगेपर्यंत गेला, तिथे थोडं खाल्लं आणि परत आला. सुमारे पंधरा दिवस, ६,२०० किलोमीटर. पुण्याहून कन्याकुमारीला दोनदा जाऊन दोनदा परत यायचं म्हणा. अंडं उबवायच्या दिवसांत!

मी हे सगळं ऐकून भारावले होते, तेवढ्यात लेकीने सांगितलं की एखाद्या वर्षी खाणं कमी पडलं तर हेच आईबाप ते अंडं सरळ सोडून देतात. म्हणजे आपला जीव आधी. आपल्याकडे आई म्हटलं की पोटाला चिमटा काढणारी, स्वतः उपाशी राहून पोराला घालणारी, हिरकणीची गोष्ट ऐकत मोठे झालेलो आपण, त्यामुळे मला ते आधी कसंतरीच वाटलं. पण विचार केला तर त्यांचा हिशेब चोख आहे. ज्याच्यापुढे अजून वीस-तीस मोसम आहेत त्याने एका अंड्यापायी स्वतःला संपवलं तर ते पिल्लूही जाणार आणि पुढची वीसही जाणार. चिमणीला हा हिशेब परवडत नाही कारण तिला पुढचं वर्ष दिसेल याची खात्री नाही, फुल्मरला आहे, वयात आलेल्या शंभर फुल्मरांपैकी पंचाण्णवाहून जास्त पुढच्या वर्षी परत येतात. हे मला पंचविशीत कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं वाटून गेलं, पण तो विषय वेगळा.

यातली मेख अशी की असा संथ पक्षी संकटात आहे की नाही हे बघून कळतच नाही.

आमच्या सोसायटीचंच घ्या. ऐंशीच्या दशकातली, चोवीस फ्लॅट, सगळे भरलेले. संध्याकाळी सगळ्या खिडक्यांत दिवे, पार्किंगला जागा नाही, गणपतीत आरतीला हॉल पुरत नाही. बाहेरचा कोणी म्हणेल काय नांदती सोसायटी आहे. पण गेल्या गणपतीत चित्रकला स्पर्धेला दोनच मुली होत्या, दोघी वॉचमनच्या, आणि पहिला-दुसरा नंबर देऊन तिसरा नंबर तसाच राहिला. बाकीच्यांची मुलं कुठे आहेत तर आमची अ‍ॅबर्डीनला, समोरच्यांची सिअ‍ॅटलला, खालच्यांचा मुलगा म्युनिकला. फुल्मरच्या कड्यांचं असंच होऊ शकतं. कपारी भरलेल्या, जोड्या बसलेल्या, मान हलवत एकमेकांवर खिदळण्याचा तो त्यांचा आवाज चालू, बोटीतून बघणाऱ्याला वाटतं सगळं आलबेल, आणि पिल्लं मात्र दहा-बारा वर्षं वाचतच नसतात. म्हातारे टिकून असतात म्हणून कळत नाही. कळतं तेव्हा सगळेच एकदम कमी व्हायला लागतात.

ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २०१५ ते २०२१ या काळात समुद्रपक्ष्यांची मोठी मोजणी झाली. आधीच्या मोजणीच्या मानाने, जी २००० च्या आसपासची होती, फुल्मर एक तृतीयांशाहून जास्त कमी भरले.

आणि गंमत बघा, गंमत म्हणजे अगदी गंमत नाही, पण ह्या पक्ष्याची भरभराटही आपल्यामुळेच झाली असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. १८७८ च्या आधी सगळ्या ब्रिटनमध्ये फुल्मर एकाच ठिकाणी अंडी घालायचा, सेंट किल्डा. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, खुल्या अटलांटिकमध्ये, हेब्रिडीज बेटांच्याही पलीकडे असलेली उभ्या कड्यांची बेटं. तिथली मूठभर माणसं जवळपास ह्या पक्ष्यांवरच जगायची. ऑगस्टमध्ये दोरावर लोंबकळत कड्यावरून उतरायचं, जाड झालेली पिल्लं धरायची, आणि चपळाईने मान मुरगळायची, नाहीतर तेल वाया जाणार. मांस खारवून हिवाळ्याला, तेल दिव्याला आणि औषधाला, पिसं जमीनदाराला भाड्यापोटी. तेल साठवायला भांडी कुठली, तर गॅनेट नावाच्या दुसऱ्या समुद्रपक्ष्याचं वाळवलेलं पोट. २९ ऑगस्ट १९३० ला शेवटची ३६ माणसं स्वतःच अर्ज करून बेट सोडून गेली, फुल्मर राहिले.

पण त्याच्या आधीच, १८७८ मध्ये, शेटलंडमधल्या फूला बेटावर फुल्मर दिसले अंडी घालताना, आणि मग जी सुरुवात झाली ती थांबलीच नाही. ऑर्कनी, स्कॉटलंडचा किनारा, आयर्लंड, इंग्लंड, शंभर वर्षांत सगळीकडे. कडे संपले तर पडक्या किल्ल्यांच्या भिंती, घरांच्या खिडक्यांचे कट्टे. जेम्स फिशर नावाच्या अभ्यासकाने मांडलं की आधी व्हेल मारणाऱ्या जहाजांनी समुद्रात फेकलेली आतडी-चरबी आणि नंतर मच्छीमार ट्रॉलरनी फेकलेली नको ती मासळी, ह्या फुकटच्या जेवणावर हा पक्षी फोफावला. फक्त तेवढंच कारण होतं का यावर नंतर वाद झाले, समुद्राचं तापमान वगैरे, पण ट्रॉलरच्या मागे शेकड्यांनी जमणारे फुल्मर आजही दिसतात. आता मच्छीमारीचे नियम बदललेत, फेकणं कमी झालंय, जे चांगलंच आहे, पण पंगत उठली. शिवाय लांब दोरांना आमिष लावलेले हजारो गळ असतात त्यात हे अडकून बुडतात, आणि समुद्र तापतोय तसं त्यांचं नेहमीचं खाणं जागा बदलतंय.

(फेरो बेटांवर तर १९३० च्या दशकात फुल्मरची पिल्लं सोलताना, पिसं काढताना माणसांना सिटॅकोसिस, म्हणजे पक्ष्यांपासून होणारा फुप्फुसांचा आजार, झाला होता, काही जण दगावले, त्यात बायका जास्त कारण पिसं काढायचं काम बायकांचं. डक्टमधल्या कबुतरांना रोज मूठभर ज्वारी टाकणाऱ्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना मी हे सांगून बघितलं. "अगं, ते परदेशी पक्षी," म्हणाल्या.)

बाकी सगळ्याच्या वर प्लास्टिक. फुल्मर पाण्याच्या वरच्या थरातलं उचलतो, फार निवड करत नाही, तरंगतंय ना, मग खायचं असेल. शेकडो-हजारो वर्षं हे बरोबर होतं. नेदरलँड्समध्ये ऐंशीच्या दशकापासून किनाऱ्यावर वाहून आलेले मेलेले फुल्मर गोळा करून त्यांची पोटं तपासतात, यान व्हान फ्रानेकर नावाच्या शास्त्रज्ञाने हे काम उभं केलं, आणि आता उत्तर समुद्राभोवतीचे देश समुद्र किती घाण आहे हे फुल्मरच्या पोटावरून ठरवतात. शंभरातल्या पंचाण्णवांच्या आसपास पोटांत प्लास्टिक सापडत आलंय. ठरवलेलं ध्येय असं, की ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त प्लास्टिक असलेले फुल्मर शंभरात दहापेक्षा कमी असावेत. म्हणजे ध्येयसुद्धा शून्य नाही, बघा. ०.१ ग्रॅम म्हणजे काय एवढं असं वाटेल, पण पक्षी पाऊण किलोचा आहे, माझ्या वजनाच्या बाईच्या हिशेबाने ते सात-आठ ग्रॅम होतं, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे पोटात मूठभर.

आणि इथे मला सगळ्यात जास्त चुटपुट लागते. कुरव नको ते, हाडं, काटे, प्लास्टिक, गोळा करून ओकून टाकतो. फुल्मर, जो सगळ्या जगावर थुंकतो, गरुडालाही सोडत नाही, त्याला हे जमत नाही. तेल असतं पोटाच्या पहिल्या कप्प्यात, ते बाहेर येतं. पण तिथून एका अरुंद वाटेने पुढे पेटारीत, म्हणजे अन्न दळणाऱ्या दुसऱ्या कप्प्यात, गेलेलं काही त्याला ओकता येत नाही, ते तिथेच घासत घासत बारीक व्हायचं आणि मग पुढे जायचं. सुपारीएवढ्या जागेत बाटलीच्या झाकणाचा तुकडा, फुग्याच्या दोरीचा तुकडा.

परत आल्यावर पावसाळ्यात एकदा म्हात्रे पुलावरून जाताना मुठेकडे बघितलं, खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं, कडेच्या झाडांना पिशव्या लटकलेल्या. हे सगळं भीमेत जातं आणि भीमेतून उजनीत, म्हणजे आपण भिगवणला ज्या पाण्यात बोटीत बसून कुरवांचे फोटो काढतो ना, तिथेच. हौशी लोकांना हे माहीत असतं, तरी फोटो छान येतात.

फुल्मर नाही पण आपल्याकडेही असा एक संथ पक्षी होता, गिधाड. वर्षाला एकच अंडं, वयात यायला चार-पाच वर्षं, जगायचं भरपूर. गुरांना द्यायचं डायक्लोफेनॅक नावाचं वेदनाशामक त्या गुरांच्या मढ्यांमधून गिधाडांच्या पोटात गेलं आणि नव्वदच्या दशकात कोट्यवधी गिधाडं गेली. २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झालं. त्याला आता किती वर्षं झाली, आणि तळजईवर फिरायला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना विचारा, आकाशात गिधाडं फिरताना कितींनी बघितलीत. आम्ही लहानपणी पर्वतीवरून बघायचो. वर्षाला एक अंडं घालणाऱ्याचं एकदा मोडलं की सावरायला आपल्या दोन पिढ्या जातात, आणि तोपर्यंत काय मोडलं होतं हेच कोणाला आठवत नाही. चिमण्यांचं, कबुतरांचं ठीक आहे, त्या भरून काढतात.

समोरच्या नेन्यांना मी परवा हे सगळं पार्कात सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे पुनर्विकास करायचा की नाही?" आमच्याकडे सध्या कुठूनही सुरुवात केली तरी विषय तिथेच येतो.

कोणी तिकडे जाणार असाल तर मे ते ऑगस्ट जा. सप्टेंबरात पिल्लं उडाली की कडे बरेच रिकामे होतात, नोव्हेंबरपासून मोठे परत यायला लागतात पण तेव्हा तिकडच्या वाऱ्यात आपला निभाव लागायचा नाही. डनॉटरला वाट सोडून गवतात शिरू नका, कडा ठिसूळ आहे. फुल्मरपासून तीन-चार मीटर लांब बसा, उभं राहू नका, बसलात की तो तुम्हाला विसरतो. त्याने चोच उघडून मान मागे घेतली तर फोटो राहू द्या आणि सरका. आणि जॅकेट जुनं घाला. आमच्या ह्यांनी लेकीने घेतलेलं नवंकोरं घातलं होतं, आणि त्यावर एक थेंबही उडाला नाही याचं वाईट लेकीला अजून वाटतं.